आधी जाळी, मग बाकीचं

कोल्ड ब्रांच गावातल्या अर्ध्याअधिक माणसांनी वायलीन टीगचा हात खालून पाहिलेला होता. लहानपणी शाळेच्या स्वयंपाकघरात, ताटलीत मक्याचा पाव टाकणारा. आणि मोठेपणी, ज्यांना गाडीचं वेड लागलं त्यांनी रेसच्या ट्रॅकवर, सुरुवातीच्या रेषेच्या डोक्यावर टांगलेल्या लोखंडी मचाणावरून झेंडा हलवणारा. दोन्हीकडे तो हात सारखाच कडक होता. जास्तीचा पाव मागणाऱ्याला आणि लवकर सुटू पाहणाऱ्याला ती एकाच नजरेनं बघायची, आणि सहा फुटी बाप्ये त्या नजरेपुढे दुसरीतल्या पोरांसारखे गप्प होत.

झेंडे तिला नवऱ्याकडून आले. गारलंड टीग वर्षानुवर्षं त्या मचाणावर उभा असायचा आणि वायलीन शिडीखाली, त्याला घडी केलेले झेंडे नि कॉफीचा थर्मास देत. एका हिवाळ्यात गारलंड लाकडं फोडता फोडता बसला तो उठलाच नाही. वसंतात ट्रॅक सुरू व्हायची वेळ आली आणि मालक रॉइस बमगार्नर टोपी हातात घेऊन तिच्या दारात आला. तिकडे मोठ्या बाईला मानानं म्हणतात तसं म्हणाला, "मिस वायलीन, दुसरा माणूस मिळेपर्यंत, तात्पुरतं." त्या तात्पुरत्याला आता इतकी वर्षं झाली होती, की गारलंडच्या जाकिटाच्या बाह्या तिनं दोनदा नव्यानं शिवल्या होत्या.

गारलंडनं तिला एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती तिनं बायबलच्या वचनासारखी जपली होती. मचाणावरून अर्धा ट्रॅक दिसतो, वरच्या टॉवरमधून पूर्ण. म्हणून झेंडा आपल्या हातात असला तरी हुकूम टॉवरचा. कानातल्या यंत्रात आवाज येईल तेव्हाच हात हलवायचा. "मचाणावरच्यानं स्वतःचं डोकं चालवलं, की खाली कुणीतरी मरतं," असं तो म्हणायचा. वायलीननं कधी डोकं चालवलं नाही. या एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता, आणि अभिमान कुठल्या वाटेनं माणसाचा घात करील हे कुणाला आधी कळतं?

तिचा मुलगा टोबिन. बाप गेला तेव्हा पंधराचा, आणि पुढच्याच वर्षी गाडीत बसला. तिनं अडवलं नाही. त्या खोऱ्यात पोराला गाडीपासून अडवणं म्हणजे बदकाच्या पिल्लाला तळ्यापासून अडवणं. पण पहिल्याच महिन्यात तो दुसऱ्या वळणावर भिंतीवर आदळला, आणि त्याच्या खिडकीची जाळी तशीच वर राहिली.

ही जाळी म्हणजे जाड पट्ट्यांची, चालकाच्या डाव्या हाताच्या खिडकीला लावलेली. गाडी उलटली तर हात बाहेर जाऊ नये म्हणून. पण तिचं खरं काम वेगळंच होऊन बसलेलं. गाडी आपटली की सगळा ट्रॅक श्वास रोखून त्या जाळीकडे बघतो. आतून चालकानं खटका ओढला, जाळी खाली पडली, म्हणजे माणूस धड आहे. मग लोक टाळ्या वाजवतात. सपाटून हरलेल्याला, शिव्या खाल्लेल्यालासुद्धा त्या टाळ्या मिळतात. त्या दिवशी टोबिन आत बसून आपला तुटलेला आरसा शोधत होता, आणि इकडे त्याची आई मचाणाच्या कठड्याला धरून अर्धमेली झाली होती.

घरी आल्यावर तिनं आधी त्याच्या कानफटात मारली आणि मग त्याला कवटाळून रडली. "काहीही होऊ दे," ती म्हणाली, "आधी जाळी टाकायची. मग बाकीचं काय ते. कळलं?"

पोराला कळलं. इतकं कळलं, की गाडी थांबायच्या आत त्याची जाळी पडू लागली. गावात चेष्टा होती, की टोबिन टीग आधी जाळी टाकतो आणि मग आपटतो. एकदा तर डावं मनगट मोडलेलं असताना त्यानं उजवा हात आडवा नेऊन खटका ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दवाखान्यात त्याला पट्टा बांधताना वायलीनच्या मनात पहिल्यांदा आलं, की ही जाळी खोटंही बोलू शकते. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

*

गेला हंगाम वाईट गेला. गाड्या घसरायच्या, पिवळा झेंडा पडायचा, सगळे रांगेत हळूहळू फिरत बसायचे. मुख्य रेस संपेपर्यंत इतका उशीर व्हायचा, की रविवारी सकाळी चर्चमध्ये निम्मी मंडळी पेंगायची आणि पाद्रीबुवा प्रवचनात ट्रॅकचं नाव घ्यायचे. थंडी पडली, ट्रॅकला कुलूप लागलं, आणि डोरिसच्या न्याहारीच्या दुकानात दुसरा विषय उरला नाही.

"पिवळा रंग बघायचा असेल तर मी घरी बसून मोहरीची फुलं बघीन," लॉनी शूक म्हणायचा. जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झालेला हा गडी, आवाज अजून ट्रकच्या भोंग्याचा. "गाडी गिरकी खाऊन थांबली, माणूस धड आहे, मग बाकीच्यांनी का म्हणून थांबायचं? वळसा घालून जा की!"

"तुझा वळसा माहितीये मला," डोरिस गरम, मऊ बिस्किट-पावांवर पांढरी ग्रेव्ही ओतत म्हणायची. "माझी पत्रपेटी दोनदा पाडलीस."

"ते ट्रकमध्ये गं. रेस वेगळी."

"आणि धुरातून काही दिसलं नाही तर?"

"तर मग घरी बसा आणि मोजे विणा!"

सगळे हसायचे. स्थानिक रेडिओवर शनिवारी लोक फोन करून भांडायचे, लोहाराच्या दुकानात भांडायचे, एका लग्नात तर नवरदेवाच्या मामानं नवरीच्या काकाची कॉलर धरली. भांडत सगळे होते, पण ज्यांचं कुणी गाडीत नव्हतं त्यांचा आवाज जास्त चढायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं. वायलीन कोपऱ्यात कॉफी पीत ऐकायची. हिवाळाभर तिला एकच जाणवत होतं, काहीतरी लांबून तिच्या घराच्या दिशेनं चालत येतंय, आणि घाई मुळीच करत नाहीये.

फेब्रुवारीत रॉइसनं सगळ्या चालकांना अग्निशमन दलाच्या खोलीत बोलावलं. रॉइस वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं निदान ओळखू तरी येतात. हा सगळ्यांना खूश ठेवू बघणारा, घामट, प्रेमळ माणूस होता, आणि प्रेक्षक रोडावल्यानं त्याची झोप उडाली होती. त्यानं नवीन नियम वाचून दाखवला. गाडी गिरकी खाऊन थांबली आणि चालकानं जाळी टाकली, तर हिरवा झेंडा कायम, रेस चालू. जाळी नाही पडली, तर काय करायचं ते टॉवर ठरवील.

वायलीन उभी राहिली. या बैठकांत ती आजवर कधी उभी राहिली नव्हती, त्यामुळे खुर्च्यांचा आवाजसुद्धा थांबला.

"जाळी पडली म्हणजे माणूस धड, असं कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "आणि धड असला तरी तो ट्रॅकच्या मध्ये आडवा बसलाय. मागून येणाऱ्याला काय त्याची जाळी दिसणारे?"

रॉइसनं रुमालानं मान पुसली. "मिस वायलीन, राग मानू नका हं. तुम्ही हे आई म्हणून बोलताय, का झेंडेवाली म्हणून?"

ती दोन्ही होती, आणि त्यातली एक कुठं संपते नि दुसरी कुठं सुरू होते हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून टोबिन उठला. त्याचे कान लालभडक झाले होते.

"आई, बस ना," तो म्हणाला. "आम्हाला चालतंय."

मग हात वर झाले. एकामागोमाग एक, आणि त्यात टोबिनचाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या संध्याकाळी त्या खोलीत पाचाच्या पाचपट मुखं होती, पण परमेश्वर आला होता असं वायलीनला वाटलं नाही. ती खाली बसली. टॉवरचं ठरलं म्हणजे ठरलं.

*

त्यात भर म्हणून टोबिननं गाडीला नवा रंग दिला. बियाण्यांच्या दुकानानं खर्च उचलला होता आणि दुकानाचा रंग हिरवा. जुन्या लोकांत हिरवी गाडी अशुभ, ती कुणी ट्रॅकवर आणत नाही. गारलंडनं तर हिरव्या गाडीच्या सावलीत जेवणाचा डबासुद्धा उघडला नसता.

"आई, रंगानं कुणी मरत नाही," टोबिन गॅरेजमध्ये हसत म्हणाला.

"मी कुठं काय म्हटलं?"

"तुझं तोंड म्हणतंय."

त्या रात्रीच्या जेवणाला घेवड्याचं कालवण होतं. तिनं त्याच्या पुढ्यात ताटली ठेवली आणि न बसता बोलली.

"टोबिन, यंदा जाळी टाकायची नाही."

"काय?"

"आपटलास, गिरकी खाल्लीस, काही झालं तरी. गाडीपाशी मदतीचा माणूस येऊन उभा राहीस्तोवर जाळी वरच ठेवायची. वर असली की मला पिवळा दाखवता येईल. खाली पडली, तर मला तुझ्या अंगावर सगळ्या गाड्या सोडाव्या लागतील. माझ्या हातानं."

त्यानं पाव मोडला आणि तसाच धरून बसला. "आई, मी ठरवून टाकतच नाही गं. हात आपोआप जातो."

"मग हाताला शिकव."

"असं कसं शिकवू?"

ती वळली, ओट्यावरचं जाड बिडाचं झाकण उचललं आणि काही न सांगता फरशीवर टाकलं. घर हादरलं. टोबिनचा डावा हात ताटलीजवळून उडाला, डोक्याच्या डावीकडे वर गेला आणि तिथं नसलेला खटका त्यानं खाली ओढला. मग दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. आधी टोबिन हसला, मग तीही हसली. जित्याची खोड, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. म्हणीचा उरलेला भाग आठवला आणि तिनं ओठ मिटले.

त्या दिवसापासून रोज चाललं. तो दात घासत असताना, बूट घालत असताना, फोनवर बोलत असताना ती मागून येऊन झाकण आपटायची. शेजारच्यांना वाटलं, गारलंडच्या मागं बाईचं डोकं फिरायला इतकी वर्षं लागली. पहिल्या आठवड्यात हात प्रत्येक वेळी उडाला. मग अर्ध्यात थांबू लागला. मग नुसता खांदा हलायचा. मार्च लागला आणि एका सकाळी तिनं झाकण टाकलं, तर टोबिन अंडी खात राहिला. डावा हात टेबलावर पालथा, गप्प पडलेला.

"बघ," तो म्हणाला. "मेला."

"असं बोलू नये."

"हाताबद्दल बोलतोय गं!"

तिनं त्या हाताच्या पाठीवर आपली बोटं ठेवली. हात गरम होता. जे घालवायला ती महिनाभर धडपडली, ते गेल्याचा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपल्याला काळजी नको म्हणून पोरानं इतकी वर्षं जी एक गोष्ट केली, तीच आपण खरवडून काढली, एवढंच तिच्या मनात आलं.

"रॉइसला सांगून ठेवू का?" तिनं विचारलं.

"छे! म्हणेल, नियमाला बगल देतायत. तुझी माझी गोष्ट. माणूस आला की टाकीन जाळी, वचन."

तिनं मान डोलावली. नियमातलं दुसरं वाक्य, टॉवर ठरवील हे, तिनं ऐकलं होतं. पण जाळी वर दिसल्यावर शहाणा माणूस दुसरं काय ठरवणार, असं तिनं धरून ठेवलं. टॉवरवर विश्वास ठेवायची तिलाही सवयच लागली होती, आणि ती सवय मोडायला तिच्यामागं कुणी झाकण आपटत नव्हतं.

*

हंगामाची पहिली रेस नेहमीप्रमाणे दुपारी होती. ऊन होतं पण त्यात जीव नव्हता, आणि डांबर गारठलेलं. थंड डांबरावर टायर धरत नाहीत हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. तरी गर्दी लोटली. नव्या नियमाच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोघंही आपण खरे ठरलेलो बघायला आले होते. लॉनी तर घोंगडी घेऊन पहिल्या रांगेत.

पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी टोप्या काढल्या. वायलीन गारलंडचं जाकीट चढवून शिडीनं वर गेली. हिरवी गाडी मचाणाखालून गेली तेव्हा टोबिननं जाळीच्या आतून दोन बोटं वर केली. नाताळात तिनं दिलेले लाल हातमोजे त्यानं घातले होते. तिनं हिरवा झेंडा टाकला.

पहिला भाग छान गेला. दोन गाड्या घसरल्या, दोघांच्याही जाळ्या झटक्यात पडल्या, रेस वळसा घालून चालू राहिली, आणि लोक उभे राहून ओरडले. "बघितलंस, डोरिस?" लॉनीचा भोंगा वरपर्यंत ऐकू आला. "कुणी मेलं का?" टॉवरमधून कानात रॉइस खुशीत येऊन गुणगुणत होता.

मग चौथ्या वळणातून बाहेर येताना कुणीतरी हिरव्या गाडीला मागून ढुसणी दिली. मुद्दाम नव्हे, गारठलेले टायर. गाडी फिरली, भिंतीवर घासली, आणि पांढऱ्या धुराच्या लोटात, मचाणापासून हाकेच्या अंतरावर, ट्रॅकच्या ऐन मध्ये आडवी थांबली. डावी खिडकी वायलीनकडे.

जाळी वर होती.

शाबास, पोरा, असं ती खरंच मोठ्यानं म्हणाली. तिचा हात पिवळ्या झेंड्याच्या काठीवर गेला होता, काठी खोबणीतून निघालीही होती, आणि कानात रॉइसचा आवाज आला.

"थांब, वायलीन, थांब! टोबिन आहे तो. टाकेल आत्ता. सगळ्यांच्या आधी टाकतो."

ती थांबली. तिला माहीत होतं तो टाकणार नाही. साऱ्या जगात तिला एकटीलाच माहीत होतं. पण हात थांबला. तो हात टॉवरचा होता, इतकी वर्षं होता, आणि एका श्वासापुरता तो तिचं ऐकेना. तो श्वास पुरा व्हायच्या आत वळणातून मागची गाडी आली. धुरात शिरली. तिच्यापुढे हिरवा झेंडाच होता, ती कशाला वेग कमी करील?

आवाज बिडाच्या झाकणासारखा मुळीच नव्हता.

तिनं पिवळा झेंडा टाकला. कुणी सांगितलं न सांगितलं, तिला आठवत नाही. गाड्या मंदावल्या, रांगेला लागल्या. धूर हळूहळू वर गेला. हिरवी गाडी आता तिरकी झाली होती, दुसरी तिच्या पोटात घुसलेली. दुसरीची जाळी पडली. टाळ्या झाल्या. हिरव्या गाडीची जाळी वर होती.

वचन पाळतोय, ती स्वतःला म्हणाली. माणूस येईपर्यंत टाकायची नाही म्हटलंय ना आपण. पाळतोय.

"टाक रे!" खालून लॉनी ओरडला, आणि या वेळी त्याच्या आवाजात भोंगा नव्हता. "टाक ना, बाळा!"

टाक, ती म्हणाली. हे वचन मोडलं तर चालेल. मी काही म्हणणार नाही. टाक, राजा. कानात रॉइस काहीतरी बोलत होता, पुन्हा पुन्हा तिचं नाव घेत होता. महिनाभर तिनं जो हात झाकण आपटून आपटून गप्प बसवला, त्या हाताला ती आता मनातल्या मनात हात जोडत होती.

मदतीची गाडी पोचली. अग्निशमन दलाचा क्लीट हेफनर उतरून धावला आणि खिडकीशी वाकला. मदतीची गाडी मध्ये आल्यानं प्रेक्षकांना क्लीट दिसत नव्हता, खिडकीची फक्त वरची कड दिसत होती. आता माणूस आलाय, टोबिन. आलाय बघ.

जाळी पडली.

सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, बायका डोळे पुसत होत्या, लॉनीनं घोंगडी हवेत उडवली. डोरिस मचाणाकडे बघून दोन्ही हात हलवत होती. पण मचाण उंच होतं आणि वायलीनला मदतीच्या गाडीवरून पलीकडचं दिसत होतं. खटक्यावर लाल हातमोजा नव्हता. क्लीटचा तपकिरी, चामड्याचा मोजा होता, आणि तो बाहेरून आत गेलेला होता.

टाळ्या बराच वेळ चालल्या. वायलीन पिवळा झेंडा हलवत राहिली, कारण टॉवरनं तिला अजून थांब म्हटलं नव्हतं.